खेकड्याचं पान

खेकडा पडद्याच्या खालच्या कडेला, बरोबर मधोमध बसला होता. सुलक्षणाच्या हातातली शिऱ्याची बशी तशीच राहिली. हिरव्या टेबलाभोवती सहा जागा, सहा जागांवर सहा प्राण्यांची चित्रं, मध्ये उघडी पानं. हे टेबल तिला परकं नव्हतं. गेलं वर्षभर ती ते जवळजवळ रोज पाहत होती. त्या टेबलाचा एक नियम होता. खालची मधली जागा नेहमी आपली. ज्याच्या हातात यंत्र, तो स्वतःला तिथे दिसतो, बाकीचे त्याच्याभोवती. मुलुंडला तिच्या मुलाच्या, शौनकच्या पडद्यावर त्या जागी घुबड असायचं आणि खेकडा असायचा समोर, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, पण समोर. आणि इथे बोरिवलीला, गोराईच्या वसाहतीतल्या या दोन खोल्यांत, दुपारचे साडेचार वाजून गेलेले असताना, तिच्या सख्ख्या भावाच्या मांडीवरच्या टॅब्लेटमध्ये खेकडा खाली होता आणि घुबड समोर.

"खा की गो," भाऊ मान वर न करता म्हणाला. "स्वतःच केलेला शिरा, आणि स्वतःच खाईना." त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात झालं होतं. ते होऊन गेल्यावर त्याने फोन केला होता, काही नाही गं, झालं, शेजारचा मुकुल आला होता सोबतीला; आणि म्हणून आज ती आली होती. दवाखान्याने दिलेला काळा चष्मा त्याने कपाळावर सरकवून ठेवला होता आणि पाणावलेला डोळा बारीक करून तो पडद्याकडे पाहत होता.

"हा खेकडा..." ती एवढंच म्हणाली.

"मी तो," भाऊ हसला. "शौनकनेच लावून दिला. तुझी वहिनी गेली तेव्हा, रतनच्या तेराव्याला, सगळे गेल्यावर तो इथे खाली बसला होता, आठवतं? म्हणाला, मामा, तुझा वेळ जात नाही ना, हे घे. मी म्हटलं, मला वाघ दे. तर म्हणतो, वाघ सगळेच घेतात, तुला कुर्ल्या आवडतात ना, मग खेकडा घे." मग त्याने बोटाने समोरचं चित्र दाखवलं, जवळजवळ कौतुकाने. "आणि हे आमचे घुबडराव. रोज साडेचारला हजर. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. कोण, कुठला, देव जाणे. पण खेळतो काय! माझ्या हातात काय आहे ते याला माझ्याआधी कळतं."

सुलक्षणाने बशी खाली ठेवली. खिडकीतून खाडीचा वास येत होता, ओहोटीच्या वेळचा, चिखलाचा. भाऊने पैसे लावले, घुबडाने तेवढेच पुढे सरकवून ते निभावले. नवीन पान उघडलं, भाऊने पुन्हा लावले, घुबडाने पुन्हा निभावले. शेवटच्या पानावर भाऊने आणखी लावले आणि दोघांची पानं उघडी झाली तेव्हा भाऊच्या हातात काहीच नव्हतं, नुसता एक गुलाम, तोही एकटा. "चालायचंच," भाऊ म्हणाला. पण त्याचं चालत नव्हतं हे तिला दिसत होतं. त्याचा अंगठा पडद्यावर ठरेना. पुढच्या हाताला त्याने लावले, त्याच्या पुढच्याला लावले, त्याच्याही पुढच्याला. मोजू नये असं वाटत असताना ती मोजत होती. ओळीने सात हात. आणि घुबड थांबून होतं. चार वेळा त्याने पानं टाकून दिली, पाचव्यांदा निभावलं, पुन्हा थांबलं. ते घुबड या क्षणी कुठे बसलंय हे तिला ठाऊक होतं. मुलुंडला, आतल्या खोलीत, पाय खुर्चीवर घेऊन, कानांवर ते राखाडी हेडफोन लावून, सकाळी तिनेच भरून ठेवलेल्या थर्मासमधला चहा पीत. तू जा मामाकडे आरामात, मी आज घरीच आहे, असं म्हणाला होता. आणि ते थांबून का आहे, हेही तिला ठाऊक होतं. थांब, असं तिनेच सांगितलं होतं.

पोकरसारख्या पैशांच्या या ऑनलाइन खेळांवर सरकारने बंदी आणली, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा शौनकसारखी किती तरी पोरं त्यावर जगत होती आणि त्यांच्या आया शेजारीपाजारी 'गेमिंग कंपनीत आहे' असं सांगून वेळ मारून नेत होत्या. सुलक्षणाही तेच सांगे. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई; ऐरोलीची चांगली नोकरी सोडून मुलगा पत्ते खेळायला लागला हे ती सांगणार कोणाला आणि कशी? शौनकचे वडील गेल्यानंतरच्या एका भांडणात ती त्याला जुगारी म्हणाली होती. तो शब्द मग घरात मुक्कामालाच राहिला. दोघं एका ओट्यावरचं जेवत आणि एकमेकांशी फक्त गॅस सिलिंडरबद्दल बोलत. दीडेक वर्ष असं गेलं. आणि एके दिवशी तो लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला, तिच्या समोरच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आई, गुणोत्तर वाढलं म्हणजे अंशच वाढला असं असतं का?" ती भेंडी चिरत होती. तिने हात पुसले. इतक्या महिन्यांनी त्याने तिला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता, आणि तो तिच्या विषयातला होता.

त्याचा संगणक खेळलेला प्रत्येक हात टिपून ठेवी आणि त्यावरून समोरच्या प्रत्येकाचे आकडे काढी. शंभरातले किती हात हा माणूस खेळतो, किती सोडून देतो. आणि सगळ्यात महत्त्वाचा, शौनकच्या मते, आक्रमकतेचा आकडा. माणूस आपणहून किती वेळा पैसे लावतो किंवा वाढवतो, आणि दुसऱ्याने लावलेले किती वेळा नुसते निभावतो, त्यांचं गुणोत्तर. दोनच्या आसपास म्हणजे शहाणा, एकाच्या खाली म्हणजे भिडस्त, चारच्या वर म्हणजे अंगावर येणारा. शौनकने तसं पाठच केलं होतं. "असं नसतं रे," ती म्हणाली होती. "मोठा आकडा दिसला की तुम्ही मुलं वर बघता. खाली कोण बघणार? एखादा निभावतच नसेल, एक तर लावत असेल नाहीतर सोडून पळत असेल, तर छेद एवढासा होणार आणि तुझा आकडा फुगणार. तो शूर नव्हे. त्याला मधलं काही जमत नाही, एवढंच." शौनक तिच्याकडे बघतच राहिला. मग हसला. बाप हसायचा तसा, एका गालात. त्या हसण्यासाठी तिने त्यानंतर काय नाही केलं.

तिने चौकटींची वही आणली. एका खेळाडूला एक पान. नावं नव्हतीच, चित्रांवरून हाक मारायची: कासव, कोल्हा, मोर, दोन वाघ. दुपारी जेवण झालं की शौनक आकडे वाचून दाखवी आणि ती लिहून घेई, आणि मग चष्मा काढून, डोळे मिटून सांगे. कासव बाई असावी, घरकाम सांभाळून खेळते, मधेच उठते. कोल्ह्याचे तीनशेच हात आहेत, इतक्यावरून बोलू नकोस, हजार होऊ देत. मोराला प्रेक्षक लागतात, दोघंच उरले की गळतो. कधी ती चुकायची, पण फार नाही. वर्गात पन्नास पोरांच्या वह्या तपासताना हीच तर सवय लागली होती, कोणी उत्तर मागून पाहिलंय, कोण घाबरून खाडाखोड करतोय, कोणाला येतंय पण घरी काहीतरी बिनसलंय. आकडा नुसता आकडा नसतो. निवृत्तीनंतर ती नजर तशीच पडून होती, माळ्यावरच्या पितळेच्या भांड्यांसारखी. शौनकने ती खाली काढली. "तुझ्याइतकं कोणी वाचत नाही, आई," तो म्हणायचा. आणि तिला, साठी उलटलेल्या बाईला, ते ऐकून पहिल्या नंबरात आल्यासारखं व्हायचं.

खेकडा आला तो गेल्या पावसाळ्याच्या शेवटी. "हा वेडा आहे," शौनक म्हणाला होता. "कशावरही लावतो. आकडा बघ, साडेचार. कसं खेळायचं याच्याशी तेच कळत नाही." तिने विचारलं, किती हात? दोन हजार. मग तिला चेव आला. एकूण आकडा फसवा असतो, तिने सांगितलं, तो फोडून दे मला. मोठा हात हरल्यावरचे वीस हात वेगळे काढ, बाकीचे वेगळे. शौनकला ते कधी सुचलंच नव्हतं. दोन दिवस बसून त्याने ते काढलं आणि दोघं त्या दोन आकड्यांकडे बघत बसली. एरवी दोनलाही कमी. हरल्यानंतर सात. एकाच टेबलावर एकाच खुर्चीत दोन माणसं बसल्यासारखी. "हा आक्रमक नाही रे," सुलक्षणा तेव्हा म्हणाली होती, हळू आवाजात, कारण असं काही सापडलं की तिचा आवाज आपोआप उतरायचा. "हा घाबरलेला आहे. शांतता याला सोसत नाही. हरलं की जे गप्प होतं ना सगळं, ते भरून काढायला हा पैसे लावतो. याच्या अंगावर जाऊच नकोस. तू नुसता थांब. तो आपणहून सगळं आणून देईल." आणि तिने ते वहीत लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली, शौनकने न विचारता, नुसती आपल्या समाधानासाठी: हरल्यावर उठून जात नाही, घरी कोणी वाट बघणारं नसावं. त्या ओळीवर ती खूश झाली होती. त्या दिवशी तिने संध्याकाळी भजी केली होती.

"गेला," भाऊ म्हणाला. "घुबडराव सहाला उठतात. शिस्तीचा माणूस." त्याने टॅब्लेट बाजूला ठेवला आणि डोळा टिपला. "तू पण निघ आता. बसला गर्दी होईल." दाराशी तो थांबला, आणि काहीतरी गंमत सांगावी तसं म्हणाला, "रतनच्या नावावरची ठेव मोडली गं मी. रागावू नकोस. तिला कुठे लागणार आहे आता?" ती रागावली नाही. तिने वाकून चपला घातल्या.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. बाहेर जोगेश्वरी मागे पडली, पवई आली, गेली. तिच्या डोळ्यांपुढे मात्र लालबागच्या चाळीतली गॅलरी होती, मे महिन्याची, आणि चौघं मेंढीकोट खेळायला बसलेले. भाऊ नेहमी तिचा भिडू. आणि नेहमी हरायचे, कारण भाऊच्या हातात पान राहतच नसे. हुकुमाची दस्सी आली की त्याचे कान लाल होत, आणि थांब, थांब असं ती डोळ्यांनी सांगत असताना तो ती आपटून मोकळा होई. आई आतून म्हणायची, "ह्येच्या हातात पान ऱ्हवणा नाय नि पोटात गोष्ट." संप झाला, बाबांची गिरणी बंद पडली ती पडली, तेव्हाही तसंच. रात्रीचं कॉलेज सोडून भाऊने गोदामात काम धरलं आणि आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं, आता सुलूचं बी.एस्सी. थांबणार नाय. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर गप्प राहून आयुष्यभर उपकार तरी मिरवले असते. भाऊने एका वाक्यात ते आपटून टाकले आणि विसरला. त्या माणसाचं पान तिने वहीत लिहिलं होतं. दोन हजार हात, मग पाच हजार, मग नऊ. नऊ हजार हातांत तिला तो ओळखू आला नाही. पण तिला ओळखू यावं अशी सोयच नव्हती, नाही का? तिला नाव दिलं नव्हतं. तिला आवाज, चेहरा, लाल होणारे कान काही दिलं नव्हतं. शौनकने फक्त आकडे आणून दिले होते, धुऊन, पुसून, जसे डॉक्टरकडे रिपोर्ट यावेत. हे तिने स्वतःला पवईपासून भांडुपपर्यंत सांगितलं, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की जे पुसलं होतं ते कोणीतरी पुसलं होतं. मुद्दाम. बसून.

शौनक खोलीत होता. दार उघडंच होतं. तिने पर्स हातातच धरून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"खेकडा कोण आहे ते."

त्याने कानांवरचे हेडफोन काढून गळ्यात घेतले. ती बसमधून येताना एका गोष्टीची तयारी करत होती, की तो नाही म्हणेल, चमकेल, अगं काय सांगतेस म्हणेल, आणि मग आपण त्यावर विश्वास ठेवू की नाही. त्याने तिला तेवढीही मेहनत पडू दिली नाही. "हो," तो म्हणाला. "मामाने सांगितलं का?"

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. चित्र मीच लावलं ना."

"तो तुझा मामा आहे, शौनक."

"आई, प्लीज. टेबलावर कोणी कोणाचा मामा नसतो. तो तिथे बसणारच होता, मी असो नसो. मी उठलो असतो तर दुसऱ्या कोणी घेतलं असतं. मी निदान..." तो अडखळला. "निदान सहाला उठतो मी. दुसऱ्यांनी त्याला पहाटेपर्यंत बसवला असता."

"वहिनीची ठेव मोडली त्याने."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा क्षणभर लहान झाला, ताप आलेल्या दिवशी व्हायचा तसा. जवळ जाऊन कपाळाला हात लावावा असं तिला त्याही वेळी वाटलं, आणि त्या वाटण्याचाच तिला संताप आला. "परत कर त्याला," ती म्हणाली.

"कसं? काय सांगून?"

ती पलंगाच्या कडेला बसली. ही खोली त्याच्या बापाची. इथेच ती आणि शौनक, तो सायन्सला असताना, रात्र रात्र गणितं सोडवत, मग दीड वर्ष तिने या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता, मग वही. तिने विचारलं, आणि विचारताना तिला कळलं की खरं विचारायचं होतं ते हेच होतं, भाऊचं सगळं त्याच्या नंतर. "मला का नाही सांगितलंस?"

शौनकने खांदे उडवले नाहीत, नजर चुकवली नाही. त्याने खराखुरा विचार करून उत्तर दिलं, आणि तेच वाईट झालं. "सांगितलं असतं तर तू वाचलं नसतंस," तो म्हणाला. "मामा म्हटलं की तुला बिचारा दिसतो. बिचाऱ्याचे आकडे कोणी नीट बघत नाही, आई. मला पण दिसत नव्हतं काही. तुला लगेच दिसलं."

बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. ती मोजायची सवय, एक, दोन. म्हणजे ते गुणोत्तराचं, अंश आणि छेदाचं, ते भेंडी चिरतानाचं? ते खेकड्याच्या किती तरी आधीचं होतं. तेव्हा तरी तो नुसता आईजवळ येऊन बसला होता, की तेव्हाही तो एका चांगल्या नजरेजवळ येऊन बसला होता? तिने तेही विचारलं, नीट शब्द आले नाहीत, "तू माझ्याजवळ बसायचास ते..." एवढंच. तो पटकन म्हणाला, "ते खरं होतं." फार पटकन. की बरोबर तेवढ्याच वेळात, जेवढा खरं बोलणाऱ्याला लागतो? अनोळखी माणसांचे हजारो हात तिने वाचले होते. हा तिच्या पोटचा, एकोणतीस वर्षांचा नमुना समोर बसला होता, आणि तिला काही म्हणता काही सांगता येईना.

"उद्यापासून नाही बसणार त्याच्यासमोर," तो म्हणाला. "प्रॉमिस. ओके?" तिने मान हलवली. त्याने मग विचारलं, जेवायला काय आहे.

चार दिवस दोघं पुन्हा गॅस सिलिंडरबद्दल बोलली. दुपारी साडेचारला आतल्या खोलीचं दार तो मुद्दाम उघडं ठेवी, तिला दिसावं म्हणून, की तो दुसऱ्या टेबलावर आहे, दुसऱ्या प्राण्यांमध्ये. वही तिने देवघराच्या खालच्या कप्प्यात टाकली. भाऊला सांगायचं की नाही यावर तिने शाळेतल्यासारखे दोन रकाने मनात आखून पाहिले आणि पुसले. सांगितलं तर मामा-भाच्याचं तुटेल. न सांगितलं तर आपण शौनकच्या बाजूला जाऊन बसलो असं होईल. आणि ती त्याच्या बाजूला बसली नव्हती. तिला बसवलं होतं. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं, आणि जगात ते सांगण्यासारखा एकच माणूस होता.

पाचव्या दिवशी ती बोरिवलीला गेली. भाऊने दार उघडलं तेव्हा त्याने दाढी केली नव्हती. टॅब्लेट खुर्चीवर उघडा होता, टेबल हिरवं, खेकडा खाली, समोरची एक जागा रिकामी. "घुबडराव चार दिवस नाही आले," तो तिला पाणी देता देता म्हणाला. "आजारी असतील. आपल्याला काय फोन नंबर माहीत नाय, काय नाय. एकटा माणूस असला तर कोण बघतंय त्याला?"

"भाऊ, बस."

तिने सांगितलं. सगळं एका दमात सांगता येईल असं वाटलं होतं, पण ते तुकड्यातुकड्याने आलं, शौनकचं आधी, ठेवीचं मधे, आणि शेवटी स्वतःचं. भाऊ ऐकत होता. दुखऱ्या डोळ्यातून पाणी येत होतं ते तो पुसत नव्हता. त्याला राग येईल, तो त्या पोराला चार शिव्या देईल, मालवणीत, आणि मग आपण दोघं मिळून रडू, असं काहीसं तिने धरलं होतं. भाऊ म्हणाला, "म्हणजे आपला शौनक?"

"हो."

"रोज?" त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला ओळखीचं होतं आणि त्या जागी ते नको होतं. कान लाल झाले होते. "रोज दीड तास माझ्यासमोर बसायचा तो?"

"तुला लुबाडायला बसायचा, भाऊ!"

"हां, ते झालंच." त्याने मान डोलावली. "पण बसायचा ना."

"आता नाही बसणार. मी वचन घेतलंय त्याच्याकडून."

"तू कशाला घेतलंस?" भाऊ एकदम म्हणाला. तिने त्याचा तो आवाज कधी ऐकला नव्हता, संपाच्या वर्षातही नाही. मग त्याने विचारलं, "काय वाचलं होतंस? माझं?"

ती नको म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं. तिने सांगितलं, जेवढं सौम्य करता येईल तेवढं करत. पण तो शब्दन् शब्द मागत होता, आणि वहीतले शब्द तिला पाठ होते. आक्रमक नाही. घाबरलेला आहे. शांतता सोसत नाही. उठून जात नाही, घरी कोणी वाट बघणारं नसावं.

"बरोबर आहे," भाऊ म्हणाला. खाली वसाहतीच्या मैदानात पोरं ओरडत होती. "केव्हा लिहिलंस?"

"दसऱ्याच्या सुमाराला."

"आणि भाऊबीजेला आलीस. मग आता आलीस." तो हिशेब करत नव्हता, नुसता आठवत होता. "तुला एवढं दिसलं, सुलू. आणि तू आली नाहीस."

"मला कुठे माहीत होतं रे, तो तू आहेस म्हणून!"

"कुणीतरी होताच ना तो," भाऊ म्हणाला.

तिला म्हणायचं होतं की मला फसवलं, मला आकडे दिले आणि माणूस लपवला, आणि हे खरंच होतं, आताही खरंच होतं. भाऊ उठला. चष्मा डोळ्यांवर घेतला, चाचपडत टीव्हीवरचा फोन घेतला आणि तिच्यासमोर, तिच्याकडे पाठही न करता, नंबर लावला. ऐकू कमी येत असल्यामुळे तो नेहमी स्पीकरवरच बोले. रिंग वाजत होती तोवर सुलक्षणा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"बोल ना, मामा," शौनकचा आवाज आला. सावध.

"काय रे, बरा आहेस ना? मला वाटलं आजारी पडलास."

"तुला कोणी..." शौनक म्हणाला आणि थांबला.

"मला काय कोणी सांगायला हवं? इतके महिने समोर बसतोयस, ओळखायचो नाय मी?" भाऊ हसला, मोठ्याने, मोकळं. "ये रे बसायला. साडेचार होऊन गेले. जास्त नको, थोडं थोडं लावू. पण ये."

मग शौनकचा आवाज आला, बसका, लहानपणी काहीतरी फोडून आल्यावर असायचा तसा. "येतो. मामा, पण आईला सांगू नकोस हं."

भाऊने फोन तोंडाजवळ धरला होता. काळ्या काचांमागचे त्याचे डोळे सुलक्षणाला दिसत नव्हते, पण चेहरा सरळ तिच्याकडे होता, आणि त्यावर काही नव्हतं, कानांवरही नाही.

"नाही सांगत," तो म्हणाला.